बांकुड्याची टाइल

"वारसा जपणं ही माणसाची सर्वांत पवित्र जबाबदारी आहे," असं डॉ. सेन म्हणाले, तेव्हा तो वारसा माझ्या टेबलावर बबल-रॅपमध्ये होता.

न्यू जर्सीतल्या एका लहान म्युझियममध्ये मी कॉन्झर्व्हेटर आहे. म्हणजे जुन्या वस्तू तपासते, साफ करते, सांधते. सेन मूळचे बंगालमधल्या बांकुडा जिल्ह्याचे, इथल्याच पार्सिपनी गावात प्रॅक्टिस करून रिटायर झालेले. कॅन्सर पसरला होता. वडिलांच्या नावानं ही टाइल म्युझियममध्ये लागलेली त्यांना डोळ्यांनी बघायची होती.

टाइल भाजलेल्या मातीची; तिच्यावर होडीतले शिपाई. त्या भागात बांधकामाला चांगला दगड कमी, म्हणून तिथल्या मल्ल घराण्यातल्या राजांनी विटांची देवळं बांधली आणि अशा टाइल्सनी मढवली. मागे चुना चिकटलेला होता, कडेला छिन्नीचे घाव.

माझी बॉस लिंडा हिनं विचारलं, "प्रॉव्हेनन्स काय?" म्हणजे वस्तू कुठून, कुणाकडून आली याचा पुरावा. तो नसेल तर आम्ही घेत नाही.

"नकली म्हणाल, हे ठाऊक होतं मला," म्हणत सेनांनी खिशातून फोटो काढला. गावचं देऊळ, समोर धोतरातले त्यांचे वडील. त्यांच्या खांद्याशेजारी, भिंतीत, हीच टाइल.

लिंडानं फोटो बराच वेळ पाहिला. "अस्सल आहे, डॉक्टर. म्हणूनच घेता येणार नाही."

"म्हणजे?"

सोबत आलेल्या त्यांच्या पत्नी, सेनकाकू, नागपूरच्या. त्या माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "चोरीची आहे, हे मी लग्न झाल्यापासून सांगतेय गं. तर म्हणे, बाबांनी वाचवली! देऊळ काय बुडत होतं?"

काकूंशी संसार केल्यामुळे सेनांना मराठी समजत होतं. त्यांनी टाइल पुन्हा बबल-रॅपमध्ये गुंडाळली.

"परत पाठवा," ते म्हणाले. "जिथली तिथं लागू दे."

मग कॉन्सुलेट, कस्टम्स, ईमेल्स. सेन सारखे फोन करत. "पोचली?" "अजून नाही, सर." हिवाळ्यात फोन यायचे थांबले. टाइल त्यानंतर पोचली.

काकूंनी कळवलं तेव्हा मी विचारलं, "लावली का?"

"कुठे लावणार? भिंतीतल्या खाचा केव्हाच सिमेंटनं बुजवल्यात. वर गुलाबी ऑइलपेंट."

"कुणी?"

"गावकऱ्यांनी. जीर्णोद्धाराला पैसे यांनीच पाठवले होते ना!"

तेव्हापासून वस्तू परत पाठवण्याआधी मी तिथं जागा शिल्लक आहे का, ते विचारून घेते.

टाइल सध्या सरकारी गोदामात आहे. सिमेंट उत्तम प्रतीचं आहे; निघत नाही.