गयासमिस्त्रींचा पंजा

"चुन्याला घाई नसती, माणसाला असती." गयासमिस्त्री हे रोज म्हणायचे, आणि म्हणताना समोरच्या माणसाकडं न बघता चुन्याच्या खड्ड्याकडं बघायचे.

सोयगावजवळ मराठवाड्याचा डोंगर संपतो आणि खाली खानदेश पसरतो. तिथल्या कड्यावरचा किल्ला त्यांच्या आजा-पणजानं डागडुजी करून जगवला. चुना बैलाच्या घाण्यात मळायचा, त्यात गूळ, बेलफळ, उडदाचं पीठ. काम संपलं की मिस्त्रीनं ओल्या चुन्यावर आपला पंजा उमटवायचा. पंजा म्हणजे जबान, काम खरं असल्याचा शब्द. त्या घरातले चार पंजे तटावर अजून आहेत. पण आता तिकडं जाववत नाही. पंज्यांच्या अंगावर कोळशानं लिहिलेली नावं, कमानीत मुताचा भपकारा, पाण्याच्या टाक्यात तरंगणाऱ्या बाटल्या. खाली किल्ल्याचा अभिमान सांगणारेच वर येऊन ही घाण करतात.

गेल्या उन्हाळ्यात बुरुजाची पडकी बाजू बांधायला सुदर्शन नावाचा ठेकेदार आला. काम चुन्यातच हवं अशी सरकारी अट होती, म्हणून चाचा चाचा करत तो मिस्त्रींच्या दारात बसला. चाळीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवून पोट भरलेल्या मिस्त्रींना पहिल्यांदा आपलं काम मिळालं. त्यांनी चुना भिजत घातला आणि एकवीस दिवस मागितले. नवव्या दिवशी ते भाचीच्या लग्नाला शहरात गेले. चार दिवसांनी परतले तर बुरूज बांधून तयार, पांढराफेक. वर पंजासुद्धा.

"हा कुणाचा हात?" मिस्त्रींनी विचारलं.

अभय नावाच्या तरण्या गवंड्यानं मान खाली घातली. आत सगळं सिमेंट होतं, वर चुन्याचा पातळ लेप, आणि त्यावर अभयचा पंजा. तेवढ्यात तपासणीचे साहेब धापा टाकत वर आले.

सुदर्शन मिस्त्रींच्या कानाशी लागला. "चाचा, तुमचाच हाय म्हणा. पुढच्या किल्ल्याचं काम बी तुमालाच. साहेब काय बोटं मोजतेत का?"

सिमेंट पाणी कोंडून धरतं आणि जुना दगड आतून फोडतं, हे मिस्त्रींना बापानं शिकवलं होतं.

"साहेब वरून बघतेत," ते म्हणाले, "पाऊस आत शिरून बघतो."

त्यांनी छिन्नी घेतली आणि साहेबांच्या देखत तो पंजा खरवडून काढला, पाचही बोटं. खालून राखाडी सिमेंट उघडं पडलं.

साहेबांनी ते नीट पाहिलं. नाकाला रुमाल लावला, जेवणाची सोय कुठं केली ते विचारलं, आणि एवढा डाग झाकून घ्या म्हणाले. सुदर्शन हसला. साहेबांसोबत वर आलेले गावचे सरपंच मोतीराम त्याच्याहून मोठ्यानं हसले.

मिस्त्रींनी थापी पुसून पिशवीत टाकली आणि शेळ्यांच्या वाटेनं सावकाश उतरायला लागले. अभय हातावरचा वाळलेला चुना चोळत, ते झाडीआड होईपर्यंत बघत राहिला. बाकीचे मटणाच्या पंगतीला बसले होते.