अमेरिकेतले काळे आणि आमचे बिऱ्हाडे सर

कॉलेजात नोकरी केलेल्या माणसाकडे किस्से आपोआप साठतात. खडूची भुकटी बाहीवर साठते तसे, झटकले तरी थोडे राहतातच. मित्र जमले की मी ते सांगतो, लोक हसतात, मीही हसतो. पण आमच्या इंग्रजी डिपार्टमेंटचे काही किस्से असे आहेत, की सांगताना हसू येतं आणि घरी गेल्यावर लाज वाटते. आज तेच सांगतो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. धुळे जिल्ह्यातलं रेल्वे स्टेशन असलेलं एक गाव. गावाचं नाव सांगत नाही, नाहीतर तिथले लोक म्हणतील, आम्हालाच का बदनाम करता? त्या वर्षी विद्यापीठानं टी. वाय. बी. ए.ला एक अमेरिकन कादंबरी लावली. गोऱ्यांच्या गावात काळ्या माणसांवर होणाऱ्या अन्यायाची, जगभर नावाजलेली. तिचंही नाव सांगत नाही. आमच्या तोंडी ते शोभत नाही.

डिपार्टमेंटमध्ये आम्ही तिघं. हेड महाजन सर, मूळ जळगावकडचे, उंचेपुरे, आवाज भरदार. दुसरा मी, देवरे. आणि तिसरे नवे आलेले बिऱ्हाडे सर. बिऱ्हाडे सर बौद्ध. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण ते रुजू झाले त्या दिवशी दुपारच्या चहापर्यंत सगळ्या स्टाफला माहीत झालं होतं.

बिऱ्हाडे सरांचं एम. ए.ला अमेरिकन साहित्यातच स्पेशलायझेशन होतं. म्हणून महाजन सरांनी त्यांना दिलं काय, तर कम्पल्सरी इंग्लिशचं ग्रामर. कादंबरी स्वतःकडे ठेवली. म्हणाले, "विषय नाजूक आहे, अनुभवी माणूस लागतो."

*

महाजन सर ती कादंबरी शिकवायला लागले की वर्गाबाहेर गर्दी व्हायची. कॉमर्सची पोरं खिडकीत उभी राहायची. खोटा आरोप, कोर्ट, निकाल, असं करत सर शेवटाकडे आले की त्यांचा आवाज कापायचा आणि डोळ्यांना धार लागायची. खोटी नाही हं, खरीच. त्या धड्यासाठी ते खिशात दोन रुमाल ठेवायचे.

एकदा असेच रडून स्टाफरूममध्ये आले. घसा कोरडा पडलेला. माठाजवळ बिऱ्हाडे सर बसले होते. ते लगबगीनं उठले, सरांना पाणी द्यायला त्यांनी ओगराळ्याला हात घातला.

महाजन सर म्हणाले, "राहू द्या राहू द्या, तुम्ही कशाला त्रास घेता? मी घेतो."

इतक्या प्रेमानं म्हणाले, की दुसऱ्या दिवसापासून बिऱ्हाडे सर नरडाण्याहून स्वतःची पाण्याची बाटली आणायला लागले.

*

नरडाण्याहून, कारण ते तिथून रोज पॅसेंजरनं ये-जा करत. बायको लताबाई आणि छोटी मुलगी तिकडेच. गाडी उशिरा आली की पहिला तास बुडायचा आणि महाजन सर मेमो काढायचे. गावात खोली मिळाली तर बरं, असं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

इकॉनॉमिक्सचे चौधरी सर म्हणजे आमच्या स्टाफरूमचा विदूषक. मनानं वाईट नाही. त्यांनी पुढाकार घेऊन स्टेशन रोडला एक खोली शोधली. मीही बरोबर गेलो. घरमालकीण अक्का एकदम प्रेमळ. बिऱ्हाडे सरांचं बोलणं, कपडे, सगळं आवडलं तिला. प्राध्यापक भाडेकरू मिळतोय म्हणून चहा टाकला. खोली झाडून घेते म्हणाली. मग सहज विचारावं तसं आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग गावात घर कोणत्या बाजूला ते विचारलं.

चहा आलाच नाही. अक्का आतून बाहेर आली आणि म्हणाली, "खोलीमा कापूस भरना शे, भाऊ. ध्यानमाच नव्हतं."

आता आमच्याकडे भाव येईपर्यंत घरात कापूस भरून ठेवतात, हे खरं आहे. माणसं ओट्यावर झोपतात आणि कापूस पलंगावर. पण हे चाललं होतं मे महिन्यात. कापूस केव्हाच विकून झाला होता!

पुढे आणखी चार-पाच खोल्या पाहिल्या. सगळीकडे कापूस. त्या वर्षी पाऊस कमी, शेतात पीक नाही, पण गावातल्या प्रत्येक रिकाम्या खोलीत कापूसच कापूस.

महाजन सरांचा वरचा मजला रिकामा होता. चौधरींनी त्यांना तसं सुचवलं. सर म्हणाले, "माझी काहीच हरकत नाही हो, पण आईचं सोवळं फार कडक." आई जळगावला धाकट्या भावाकडे राहायच्या. जिना चढता येत नाही म्हणून आमच्या गावी त्या कधी आल्याच नव्हत्या.

*

परीक्षेत प्रश्न ठरलेला असायचा: कादंबरीतली पात्रं आणि सामाजिक पार्श्वभूमी. मुलं गाईड पाठ करून लिहायची. एका वर्षी शिरपूरकडच्या एका मुलानं गाईड न वाचता मोडक्या इंग्रजीत स्वतःच्या मनानं लिहिलं. महाजन सरांनी तो पेपर स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवला.

मुलानं लिहिलं होतं, की काळ्या लोकांची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला आहे, म्हणजे तिकडचा वारा गावावर येत नाही. त्यांचा हापसा वेगळा आहे. त्यांची वरात पेठेतून जात नाही. पोळ्याला त्यांचे बैल सगळ्यांच्या शेवटी वेशीतून येतात.

चौधरी तर हसून हसून टेबलावर पडले. "अमेरिकेत पोळा!" सगळी स्टाफरूम हसत होती. बिऱ्हाडे सरही हसले. मग त्यांनी पेपर मागून घेतला, शांतपणे वाचला आणि म्हणाले, "सर, देश सोडला तर यात काही चुकलेलं नाही."

महाजन सरांनी पेपर परत घेतला आणि लाल पेननं शेरा मारला: आऊट ऑफ सिलॅबस.

*

गॅदरिंगला महाजन सरांनी त्याच कादंबरीतला कोर्टाचा प्रवेश बसवायला घेतला. मराठीतून. आरोपी काळा माणूस कोण होणार? बिऱ्हाडे सर म्हणाले, एक मुलगा आहे माझ्या वर्गात, रंगानं सावळा, आवाज चांगला आहे. महाजन सर म्हणाले, "छे छे, त्याला वाईट वाटेल." म्हणून गावातल्या एका मोठ्या बागायतदाराच्या गोऱ्यापान मुलाला घेतलं आणि तव्याची काजळी फासायचं ठरलं.

तालमीच्या तिसऱ्या दिवशी मुलाचे वडील आले. आम्हाला वाटलं, काजळीवरून भांडायला आले. तर काजळीचं त्यांना काही नव्हतं. त्यांची हरकत वेगळीच होती. "मना पोऱ्या कोनापुढे हात जोडाव नही."

वडील संस्थेच्या कमिटीवर. सरांनी लगेच प्रवेश बदलला. आमच्या नाटकात आरोपी खुर्चीत पायावर पाय टाकून बसला आणि न्यायाधीश उभा राहून त्याच्याशी अदबीनं बोलत होता. नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं.

*

आता भरताचा किस्सा. थंडी पडली की आमच्याकडे शेतात भरीत पार्टी ठरलेली. कपाशीच्या काड्या पेटवायच्या, त्यावर वांगी भाजायची, सोलायची आणि लाकडी बडगीत घालून मुसळानं कुटायची. प्रत्येकाला काम वाटून दिलेलं असतं. आमच्या स्टाफमध्ये ते वाटायचे महाजन सर. कुणी वांगी सोलायची, कुणी मिरच्या-लसूण, कुणी पुऱ्या. बिऱ्हाडे सरांकडे दरवर्षी काड्या. काड्या आणायच्या, पेटवायच्या आणि धुरात बसायचं.

हे मला कधी खटकलं नाही, हे सांगायलाही आज जड जातं. बिऱ्हाडे सरांना मात्र खटकत होतं आणि त्याला कारण होतं. लताबाईंना ते नेहमी सांगायचे, की माझ्या कॉलेजातले लोक वेगळे आहेत, शिकलेले आहेत, ही असली पुस्तकं शिकवतात. त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "एकदाव जेवाले आना त्यासले, मंग मानसू." हे बिऱ्हाडे सरांनीच मला पॅसेंजरची वाट बघताना प्लॅटफॉर्मवर सांगितलं होतं. म्हणाले, "देवरे, बाकी मेमो-बिमो जाऊ द्या. हिच्यासमोर मला एकदा खरं ठरायचंय."

तर त्या वर्षी वांगी सोलून झाली आणि कुणी काही म्हणायच्या आत बिऱ्हाडे सरांनी मुसळ उचललं आणि कुटायला लागले. काय सुंदर कुटत होते! एकसारखं, लयीत. महाजन सर म्हणाले, "राहू द्या सर, दमाल." ते म्हणाले, "नाही दमत."

जेवायला बसलो. पुऱ्या संपल्या, कांद्याची पात संपली, ताक संपलं. भरीत उरलं. खानदेशात भरीत उरलेलं मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं.

परतताना महाजन सर म्हणाले, "यंदा जरा तिखट झालं, नाही?" त्यात मिरची त्यांनीच घातली होती.

*

खोली मिळाली नाहीच. शेवटी बिऱ्हाडे सरांनी रेल्वे लाईनच्या पलीकडे नव्या प्लॉटवर दोन खोल्या बांधल्या. लताबाई आणि मुलगी राहायला आल्या. आणि एका शनिवारी, सकाळचं कॉलेज सुटल्यावर, त्यांनी आम्हाला सगळ्यांना जेवायला बोलावलं. शनिवार एवढ्यासाठी, की अर्धा दिवस असतो, कुणाला घाई नसते. आठवडाभर ते स्टाफरूममध्ये विचारत होते, "येणार ना नक्की?" सगळे म्हणत होते, नक्की.

आणि सगळे गेलोही. लाईन ओलांडून चालत निघालो. वाटेत महाजन सर एवढंच म्हणाले, "आज शनिवार."

घर छान होतं. नवा चुना, दाराला आंब्याची पानं. जळगावहून लताबाईंची बहीण मुद्दाम आली होती, खापरावरची पुरणपोळी करायला. ती पोळी सगळ्यांना जमत नाही, हातावरच मोठी करावी लागते. मागच्या अंगणात चूल पेटलेली, पुरणाचा वास पार लाईनपर्यंत येत होता. बाहेरच्या खोलीत सतरंज्या घातल्या होत्या, ताटं मांडून ठेवली होती. बिऱ्हाडे सरांनी नवा शर्ट घातला होता. ते सारखे आत-बाहेर करत होते.

आम्ही बसलो. महाजन सरांनी घर बघितलं, कौतुक केलं, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग ताटाकडे बघून कपाळावर हात मारला. "अरे, माझा तर शनिवारचा उपवास! साफ विसरलो बघा."

त्यांच्या शेजारी चौधरी बसले होते. हे चौधरी दर शनिवारी कॉलेजला येताना एस. टी. स्टँडवर डबल ऑम्लेट खायचे. त्या दिवशी सकाळीही मी त्यांना बघितलं होतं. चौधरी खाली बघून म्हणाले, "माझाही उपवास." त्यांच्या पलीकडच्याचाही होता. माझी पाळी आली तेव्हा माझाही शनिवार निघाला.

लताबाई पोळ्यांची परात घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. आमच्याकडे बघितलंच नाही त्यांनी, नवऱ्याकडे बघितलं. बिऱ्हाडे सर सतरंजीची सुरकुती सरळ करत होते. एकदा केली, परत केली.

"बठ्ठासले उपास शे का?" लताबाईंनी विचारलं.

महाजन सर म्हणाले, "काय योगायोग बघा, वहिनी."

"मंग भगर टाकस. आत्ते व्हई जाई."

"नको नको," सर घाईनं म्हणाले, "मी फळांशिवाय काही घेत नाही."

त्या परात घेऊन आत गेल्या. चुलीवरून खापर उतरवल्याचा आवाज आला. मग बाहेर आल्या त्या हातात केळीची अख्खी फणी घेऊन. खाली वर्तमानपत्र अंथरलं, त्यावर आमच्या मधोमध फणी ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, "साल तुम्हीच काढी ल्या."

आम्ही एकेक केळं घेतलं आणि सोलायला लागलो.