गुंडप्पा कडा उतरतो

गुंडप्पाला उंचावरून खाली बघायची भीती. आता दोर विकणाऱ्या माणसानं हे कुणाला सांगावं? मुरुडच्या बाजारात त्याचं दोरखंडाचं दुकान, आणि घरातल्या माळ्यावर चढायचं म्हटलं की बायकोला, नीलम्मालाच चढवायचा.

मुरुडचा जिल्हा नुकताच नवा झाला होता, दुष्काळ जुनाच. विहिरी आटल्या तसे लोक गाळ काढायला खोल उतरू लागले, आणि शेजारच्या गावचा एक जण उतरता उतरता पडून मेला. म्हणून महादेवाच्या डोंगरावरच्या जत्रेत गावकऱ्यांनी औंदा नवीच टूम काढली. कंदील, काठ्या, बॅटऱ्या, दोर यांची पालं तर लागलीच, शिवाय दोरानं खाली कसं उतरायचं ते दाखवायला, डोंगर चढणं शिकवणाऱ्या पंढरीला नांदेडहून बोलावलं.

पंढरीनं डोंगराच्या कड्यावरून गुंडप्पाच्या पालातले दोन दोर सोडले. एक उतरणाऱ्यानं हातात धरायचा, दुसरा त्याच्या कमरेला बांधून वरच्यांनी धरायचा. "काही झालं तरी हातातला दोर सोडायचा नाही," तो म्हणाला. "बोला, कोण उतरतंय?"

शेतकरी अण्णारावनं लगेच गुंडप्पाकडं बोट दाखवलं. "आप्पा, दोर तुमचा, तुमीच उतरा की. का नुस्ता इकायलाच चांगला हाय?"

झालं! सगळी जत्रा खदखदून हसली.

"हाव, उतरतो," गुंडप्पाच्या तोंडून निघून गेलं.

"अवं, कशाला? तुमाला चक्कर येती," नीलम्मा कुजबुजली.

"गप बस. समदे बघून राहिलेत."

हातात एक दोर देऊन पंढरीनं दुसरा त्याच्या कमरेला बांधला. वरचं टोक अण्णाराव आणि त्याच्या सोबत्यांनी धरलं. गुंडप्पा पाठमोरा खाली सरकला. खाली बघू नका, असं पंढरी ओरडला, आणि माणूस नेमकं तेच करतो. खालची बोरीची झुडपं गरगर फिरली. पायाखालचा मुरूम सुटला.

अन् त्याचे दोन्ही हात दोर सोडून छातीवर गेले!

गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग होतं, रोज पूजायचं आणि अंगावरून कधी न उतरवायचं महादेवाचं छोटं लिंग. पडला-झडला तरी हे भुईला लागू द्यायचं नाही, असं त्याच्या आईनं, पार्वतम्मानं, लहानपणीच बजावलं होतं. तेव्हापासून ठेच लागली तरी हात आधी तिथंच जायचा.

"आप्पा, दोर धरा!" पंढरी ओरडत होता. ऐकू येत होतं, पण बोटं उघडेनात. मेलो, एवढंच त्याला कळलं. नीलम्मानं किंकाळी फोडली. मग कमरेला जोराचा हिसका बसला आणि तो अधांतरी लोंबकळला.

"सोडू नका रे! वढा!" अण्णारावच्या आवाजात आता थट्टा नव्हती.

त्याला वर ओढून घेतलं तेव्हाही हात छातीवर तसेच. अण्णारावचे तळवे सोलून निघाले होते. पंढरी म्हणाला, "बघितलंत? आप्पा, पुन्हा असं करायचं नाही."

गुंडप्पानं नकारार्थी मान हलवली. अब्रूची पर्वा कुणाला होती आता!

"मास्तर, खोटं कशाला बोलू? लई भ्यालो. पर पुन्यांदा पाय सुटला तर हात हितंच जातील. मला दुसरं जमायचं न्हाई." मग तो लोकांकडं वळला. "म्हून सांगतो, उतरणाऱ्याच्या हातावर भरवसा ठिवू नका. कमरंला बांधल्याबिगर कुणालाबी हिरीत सोडू नका."