घासून घासून गेलेलं नाव

इंग्लंडच्या हार्विच बंदरासमोरच आमचं गाव. पहिल्या महायुद्धात इथून गेलेली एक पाणबुडी परत आली नाही, तिच्यातल्या माणसांची नावं आमच्या चर्चमधल्या पितळी पाटीवर कोरलीत. ती पाटी घासायचं काम हेटी गॅरडचं. कोणी दिलेलं नाही, तिनंच घेतलेलं. दर शनिवारी बाई फडकं आणि पॉलिशचा डबा घेऊन हजर. चर्चची झाडलोट माझ्याकडे, पण पाटीला नुसतं बोट लावलं तरी खेकसायची, "पर्सी, तुझे हात बटाटे उपटायचे. हो बाजूला!"

तिचा नवरा वॉल्टर त्या पाणबुडीवर होता. कबर नाही, काही नाही, होती ती ही पाटी. आणि नौदलाच्या घरात पितळ मळकं म्हणजे अब्रूच गेली! त्यात वॉल्टरच्या नावावर तिचा हात जरा जास्तच फिरायचा.

पुढे तिची नजर अधू झाली. मग ती बोटांनी नाव चाचपायची. एका शनिवारी बोट नुसतंच फिरत राहिलं.

"पर्सी, वॉल्टर कुठे गेला रे?"

मी वाकून पाहिलं. शेजारची नावं पुसट का होईना, दिसत होती. वॉल्टरच्या जागी गुळगुळीत पितळ.

"मीच पुसला त्याला," म्हणत ती मटकन बाकावर बसली.

कोरीवकामाला जार्विस आला. तोही जुना पाणबुडीवाला. म्हणाला, "पुन्हा कोरतो. पण मिसेस गॅरड, यापुढे घासायचं नाही. पत्रा पातळ झालाय, हेही पुसलं तर परत कोरता येणार नाही."

"म्हणजे तो काळा पडणार? गावासमोर?" हेटी भडकली. "मग शनिवारी मी काय पाद्रीबाबांचं टक्कल घासू?"

"नाव हवंय की चकाकी, तुम्हीच ठरवा."

ती तरातरा निघून गेली. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी येऊन तिनं पॉलिशचा डबा माझ्या हातात आदळला. "कोर म्हणावं त्याला."

हिवाळ्यात पाटी चांगलीच काळवंडली. हेटी मात्र रिकाम्या हातानं येतच होती. एकदा नव्या, खोल अक्षरांतून बोटं फिरवता फिरवता एकदम हसली.

"पड, खुशाल काळा पड! घरी यायचास तेव्हा तरी कुठे चकचकीत असायचास? मानेपर्यंत इंजिनाचं तेल, आणि मेल्या, तसाच मिठी मारायचास!"

तिची बोटं काळी झाली होती. मी फडकं पुढे केलं.

"राहू दे रे," म्हणाली, आणि तशीच घरी गेली.