ज्यांनी बोंब ठोकली नाही

रुग्णालयात सगळे तिला वायरबाई म्हणत. वायर ओढायचं काम खरं तर दुसऱ्यांचं. ही बसायची तळमजल्यावरच्या थंडगार खोलीत, जिथे मशिनं दिवसभर घोंघावत आणि तिला बारा महिने स्वेटर घालावा लागे. पण हुद्द्याचं लांबलचक नाव घ्यायला कुणाची जीभ वळत नव्हती, आणि पन्नाशी उलटल्यावर तेवढ्यावरून भांडायचा उत्साह तिच्यातही उरला नव्हता.

त्या वर्षी नवीन फायरवॉल आला. फायरवॉल म्हणजे रुग्णालयाच्या नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी. कुठल्या मशीनने कुणाशी बोलायचं, कुणी बाहेर जायचं, कुणी नाही, हे तो सांभाळतो. जुन्या पहारेकऱ्याकडे नुसते आकड्यांचे पत्ते होते. कुठला पत्ता कुणाचा हे ज्याला ठाऊक होतं, तो आधीचा माणूस नोकरी सोडून गेला आणि जाताना सगळं डोक्यातच घेऊन गेला. आता प्रत्येक पत्त्याला नाव द्यायचं, एका कामाच्या मशिनांचा एक गट करायचा आणि परवानगी त्या गटाला द्यायची. एक्स-रेवाले एका गटात, प्रयोगशाळा दुसऱ्यात, बिलाचे काउंटर तिसऱ्यात. उद्या एका खोलीत व्हायरस शिरला, तर तो घरभर पसरायला नको.

सांगायला सोपं. पण नाव द्यायचं तर मशीन कुठे आहे ते शोधायला हवं, आणि कर्मचाऱ्यांची लिफ्ट नेमकी बंद. वायरबाई गुडघ्याला पट्टा बांधून मजल्यामागून मजले चढायची, टेबलाखाली वाकायची, आणि वर कुणीतरी विचारायचं, "बाई, आमचा प्रिंटर कधी दुरुस्त होणार?" घरी थोरली बहीण ताट वाढून बसलेली असे. एकदा वायरबाईने घास हातात धरूनच डुलकी काढली. "अगं, तो घास तोंडात तरी टाक आणि मग झोप," बहीण म्हणाली.

चुका व्हायच्याच. एक्स-रेच्या मशीनचा एक आकडा चुकीचा टाकला गेला आणि फोटो डॉक्टरांपर्यंत पोचेनात. शिशाचा जड एप्रन तसाच अंगात ठेवून तिथला तंत्रज्ञ धापा टाकत खाली आला. "वायरबाई, काय चाललंय काय तुमचं? मोडलेल्या हाडांची रांग लागलीय बाहेर!" तिने आकडा सुधारला. तो निघून गेल्यावर पुन्हा तपासला.

शेवटी काही पत्ते उरले, ज्यांना कुणी वाली नव्हता. मशीन चालू आहे एवढंच दिसायचं. ते कोणत्या खोलीत, कोण वापरतं, कुणालाच ठाऊक नाही. त्यातला एक तर रोज संध्याकाळी रुग्णालयाबाहेर कुठेतरी दूर बोलत बसायचा. ती साहेबांकडे गेली. साहेब वयाने तिच्या धाकट्या भावाएवढे, सतत घाईत.

"बंद करून टाका," साहेब म्हणाले. "ज्याचं असेल तो बोंब मारत येईल. मग द्या नाव."

"साहेब, जरा वॉर्डांमधून विचारून बघते."

"बाई, किती दिवस विचारणार? रोज संध्याकाळी बाहेर काय जातंय हे तुम्हाला तरी माहितीय का?"

माहीत नव्हतं. शिवाय पायांचे तुकडे पडत होते. तिने ते सगळे पत्ते "अनोळखी" नावाच्या गटात टाकले आणि गटाला दार बंद केलं. दुपारपर्यंत उपाहारगृहाचा बिलवाला बोंबलत आला, त्याच्यामागे रक्तपेढीचा. दोघांना नावं मिळाली. संध्याकाळी बोलणाऱ्या त्या पत्त्याबद्दल मात्र कुणीही आलं नाही. तो दिवस गेला, दुसरा गेला, आठवडा उलटला. कुणाचं काही अडलेलं दिसत नाही, असं म्हणून तिने तो विषय सोडला.

मग एका दुपारी ती हाडांच्या वॉर्डात गेली, प्रिंटरसाठीच. खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. वॉर्डात त्यांना क्रेनकाका म्हणत. उभा जन्म बंदरात क्रेन चालवण्यात गेलेला. खुब्याचं हाड मोडलेलं, घरी पाहणारं कुणी नाही, म्हणून मुक्काम लांबलेला. त्यांच्या मांडीवर एक टॅबलेट होता. ते त्याच्या काळ्या काचेवरची धूळ सदऱ्याच्या बाहीने पुसत होते.

"चालत नाही का काका?" तिने सहज विचारलं.

"चालतो की. येत नाही कुणाचा फोन, एवढंच."

"कुणाचा?"

"मुलीचा. परदेशात असते. रोज संध्याकाळी यायचा. गेल्या खेपेला जरा वाजलं आमचं. ती म्हणते, माझ्याकडे या. मी म्हटलं, परक्या देशात मरायला येत नाही. तेव्हापासून बंद." काका खिडकीकडे बघत म्हणाले, "असू दे. तिलाही तिचे व्याप आहेत."

रोज संध्याकाळी, हे शब्द वायरबाईच्या कानात अडकले. तिने टॅबलेट मागून घेतला आणि सेटिंग उघडून पत्ता पाहिला. तोच होता. बाजूने जाणाऱ्या सिस्टरला थांबवून तिने विचारलं, तेव्हा कळलं की टॅबलेट आधीच्या सिस्टरने रुग्णांसाठी आणला होता. त्या रजेवर गेल्या होत्या, आणि नव्या सिस्टरला तो बिघडलेला वाटला होता.

"त्यांच्या मुलीचा फोन आला होता एकदा, वॉर्डच्या नंबरवर," नवी सिस्टर म्हणाली. "मी सांगितलं, काका हल्ली कुणाशी बोलत नाहीत. खरंच बोलत नव्हते हो ते."

वायरबाई जिने उतरली. "अनोळखी" गटातून तो पत्ता काढला, दार उघडलं आणि पुन्हा जिने चढली. प्रत्येक पायरीला गुडघा कळ देत होता आणि आज तिला त्याचं वाईट वाटत नव्हतं.

"काका, चूक माझी आहे," ती खाटेशी उभी राहून म्हणाली. "या मशीनचा रस्ता मीच बंद केला होता. तुमची मुलगी फोन करत असणार. तो इथे पोचत नव्हता."

काकांना ऐकू कमी यायचं. तिला पुन्हा सांगावं लागलं, मोठ्याने, अख्ख्या वॉर्डासमोर.

काकांनी कानाशी धरलेला हात खाली घेतला. "म्हणजे ती रुसली नव्हती?"

"ते मला कसं ठाऊक? पण फोन मी अडवला होता."

"बाई," ते शांतपणे म्हणाले, "मी इथे पडल्या पडल्या त्या पोरीला मनातून पार तोडून टाकलं होतं." एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. माफीची अपेक्षा तिने केली नव्हती.

तिने फोन लावून दिला. पलीकडे पडद्यावर झोपेतून उठलेला एक चेहरा आला आणि लगेच रडायलाच लागला. "बाबा! तुम्ही बोलायचंच नाही असं ठरवलंत ना? तिथल्या सिस्टर म्हणाल्या…"

"मी कशाला ठरवू? तूच…"

पाचेक मिनिटांत दोघं पुन्हा त्याच जुन्या वादावर आली: कुणी कुणाकडे यायचं. वायरबाई प्रिंटर तसाच सोडून खाली गेली.

साहेबांना कळलंच. "खासगी टॅबलेट रुग्णालयाच्या नेटवर्कवर? कुठल्या गटात बसतो तो?"

"कुठल्याच नाही. म्हणून नवीन केलाय. रुग्ण-भेट. बाहेर बोलता येईल, आतल्या एकाही मशीनला हात लावता येणार नाही."

"कुणाला विचारून?"

"बंद करताना तरी कुणाला विचारलं होतं साहेब?" तिचा आवाज चढला नाही, चढवायला त्राणच नव्हतं. "जे ओरडू शकतात तेच ओरडत आले. बाकीच्यांना वाटलं, आपलं नशीबच असं."

साहेबांनी कपाळ चोळलं. "लेखी द्या," म्हणाले, आणि दुसऱ्या बैठकीला पळाले. मंजुरी मिळाली, रडतखडत.

"अनोळखी" गटात अजून काही पत्ते होते. वायरबाईने त्या गटाची यादी पुन्हा काढली आणि एकेका पत्त्यामागे ती वॉर्ड पालथे घालायला लागली. या वेळी ती खाटेवरच्या माणसांनाही विचारायची. काम लांबलं. बहीण वैतागली. लिफ्ट बंदच राहिली.

क्रेनकाकांची मुलगी रजा काढून आली आणि त्यांना घेऊन गेली. वाद कुणी जिंकला हे वॉर्डात कुणालाच नीट सांगता येईना. जाताना दोघांनी वायरबाईची चौकशी केली म्हणे. ती तेव्हा सर्वांत वरच्या मजल्यावर एका टेबलाखाली वाकलेली होती. निरोप पोचेपर्यंत त्यांची गाडी निघून गेली होती.