चेटकिणीची परवानगी

ताईच्या हाताखालून रोज कुणाकुणाचे दात जात. कवळ्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात ती मेणात दात बसवायची आणि ज्या तोंडांशी तिची कधी ओळख होणार नव्हती, त्यांचं हसू ठरवायची. घरी धाकट्या बहिणीमुळे ताई, म्हणून कारखान्यातही ताईच. मालक वयाने मोठा असूनही तिला ताई म्हणायचा, बहुधा पगारवाढीचा विषय निघू नये म्हणून.

संध्याकाळी मात्र ती जादूगार असे. जादूगारांच्या एका गाजलेल्या कादंबरीमालेचे चाहते इंटरनेटवर आपापली पात्रं उभी करत आणि एकमेकांना उत्तरं देत गोष्ट पुढे ढकलत. ताईचा जादूगार चाळिशीचा, देखणा आणि वागायला नालायक. त्याची जोडी 'काजळी' या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका बाईंच्या चेटकिणीशी जमवलेली. दोघी लेखिकांनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. पण या जोडप्याचं प्रेम, फसवणूक, समेट हे सगळं त्यांनी इतक्या बारकाईने आखलं होतं, की खऱ्या लग्नात तेवढं कुणी आखत नाही. चाहत्यांच्या या मंडळाचा एक नियम होता : दुसरीच्या पात्राला दुखवायचं, तर आधी तिला विचारायचं. ताई हा नियम जिवापाड सांभाळायची. 'पुढच्या भागात तो तिला खोटं सांगून निघून जाईल. चालेल ना? तुम्हाला त्रास होणार असेल तर राहू दे.'

काजळी लिहायची, 'चालेल. पण जाताना असं काहीतरी बोलू दे, की त्याचा राग येता येता राहील.'

ते 'असं काहीतरी' ताईला सुचत नसे. ते धाकटीकडे होतं.

धाकटीचा नवरा वर्षापूर्वी वेगळा राहायला गेला होता. तेव्हापासून धाकटी जेवणाच्या सुट्टीत फोन करून मन मोकळं करायची. ताई एका हाताने साच्यावरचं प्लास्टर खरवडत ऐकायची. "मग काय म्हणाले भावोजी? नेमके शब्द सांग." धाकटीला वाटे, ताईइतकं मन लावून आपलं कुणी ऐकत नाही. ते खरंच होतं. संध्याकाळी तेच शब्द जादूगाराचा झगा घालून उभे राहत. 'तुझ्यासमोर मी फार लहान दिसतो, म्हणून निघालो,' या वाक्यावर तर सगळं मंडळ हळहळलं. ताईने प्रत्येकीचे वेगवेगळे आभार मानले.

मग एका रविवारी धाकटी घरी आली. चप्पल काढता काढताच म्हणाली, "तो परत ये म्हणतोय. तू सांगशील तसं करते."

"ते तसे वाईट नाहीत गं," ताई म्हणाली. "आतून दुखावलेले आहेत. त्यांना प्रेम करता येतं, दाखवता येत नाही."

"हे तुला कुणी सांगितलं?"

सांगितलं होतं काजळीने, आदल्याच दिवशी, समेटाचा आराखडा करताना. ताईने तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

"बरं," धाकटीने डोळे पुसले. "तू म्हणतेस तर भरते बॅग."

ती इतक्या सहज ऐकेल असं ताईला वाटलं नव्हतं. "थांब. मी भावोजींबद्दल बोलत नव्हते."

"मग?"

"माझा एक जादूगार आहे."

दवाखान्यात न्यायच्या माणसाकडे पाहावं, तसं धाकटीने तिच्याकडे पाहिलं. ताईने जमेल तसं सांगितलं, फोन तिच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासली.

ती बाहेर आली तेव्हा धाकटी अजून वाचत होती. "तुझा जादूगार बरा आहे," ती मान वर न करता म्हणाली. "पानभर माफी मागतो. आमच्याकडे नुसतं 'ये' म्हटलंय. वर, येताना इस्त्री घेऊन ये. नाही जात मी."

ताईचा जीव भांड्यात पडला, पण तिथे फार टिकला नाही.

"आणि हे काय? 'तिला दुखावलं तर चालेल ना?' दर वेळी विचारलंयस."

"तो नियम आहे आमचा."

"छान आहे. चेटकिणीला विचारलंस. मला नाही विचारलंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो. म्हणूनच विचारतात ना, ताई."

धाकटीने बोलणं टाकलं नाही. टाकलं असतं तर ताईला सोपं गेलं असतं. फोन अजून रोज येतो. नळ गळतो, शेजारीण कपडे वाळत घालताना पाणी उडवते, ऑफिसात नवी खुर्ची आली.

"आणखी काय?" ताई विचारते. प्लास्टर बाजूला ठेवून विचारते.

"आणखी काही नाही गं. ठेवते."

समेट कधी लिहायचा, असं काजळीने दोनदा विचारलं. शेवटी ताईने कळवलं, 'त्याच्याकडे सध्या बोलण्यासारखं काही नाही.'

'वा,' काजळीचं लगेच उत्तर आलं, 'अगदी त्याच्या स्वभावाला धरून आहे.'