तेवढं काप

आज चहात लवंग टाकली आणि मॉन्ट्रियलमधला सात-आठ वर्षांपूर्वीचा एक हिवाळा आठवला. माझे मिस्टर रेडिओसाठी फ्रेंचमधली प्रवचनं घरीच रेकॉर्ड करायचे, दाढेत लवंग धरून. त्यांचा खोकला, अडखळणं मी नंतर कापायचे.

डॉक्टरांनी हात टेकल्यावरही ते श्रोत्यांना सांगत होते, मरणाला भिऊ नका, प्रभू जवळ आहे. मध्येच थांबले, माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, "रूथ, मला भीती वाटते गं." मग डोळे टिपत, "तेवढं काप."

मी नेहमीसारखं कापलं. प्रवचन अजून माझ्याकडे आहे, आवाज अगदी खणखणीत. त्यात माझ्याशी बोललेलं एकच वाक्य होतं, ते मी माझ्या हातानं पुसून टाकलं.